वाराणसी केंद्राचा प्रश्न

दिल्लीचे शिक्षक इकडे दिसत, पण इकडचं कुणी दिल्लीला दिसत नसे. या यंत्राची ही पहिली अट नीलकंठराव पाटणकर वर्गाला दर शनिवारी समजावून सांगत, आणि तरीही दर शनिवारी कुणीतरी मास्तर टीव्हीकडे बघून हात वर करीच. "हाथ नीचे कीजिए महाराज, उनको आप नहीं दिखते," असं नीलकंठराव म्हणाले की वर्ग पोट धरून हसे. हसणाऱ्यांत हात वर करणारा सर्वांत पुढे असे.

सन १९९८चा नोव्हेंबर होता. बनारसात मैदागिनजवळच्या एका इंटर कॉलेजच्या गच्चीवर भलीमोठी तबकडी बसवली होती आणि खालच्या हॉलमध्ये लोखंडी कपाटात रंगीत टीव्ही. शनिवारी तीन वाजता दिल्लीच्या स्टुडिओत कुणीतरी शिकवायला उभं राही आणि ते चित्र उपग्रहावरून देशभरातल्या चाळीस केंद्रांत एकदम उतरे. शेवटची पंधरा मिनिटं प्रश्नांची. प्रश्न असेल त्याने साध्या फोनवरून दिल्लीला लावायचं, लागलाच तर नाव आणि केंद्र सांगायचं, एक प्रश्न विचारायचा आणि फोन ठेवून द्यायचा. उत्तर टीव्हीवर येई. त्यावर उलट बोलायची सोय नव्हती. दिल्लीवाले याला टेलिकॉन्फरन्सिंग म्हणत. नीलकंठराव म्हणत, "यात नवं काय आहे? एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्या घरी हे लग्नापासून चालू आहे." त्यांच्या घरात तो एक कोण, हे अख्ख्या दूधविनायक मोहल्ल्यात ठाऊक होतं.

चौतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं. त्यांच्या लाल पेनची धास्ती घेतलेले लोक आता बँकेत मॅनेजर होते, तरी रस्त्यात दिसले की सायकलवरून उतरत. निवृत्तीनंतर या केंद्राचं समन्वयकपद मिळालं, तेव्हा त्यांना शनिवारपुरती पुन्हा कॉलर ताठ करता आली. मदतीला प्रल्हाद शेवडे हा कारकून होता, चाळिशीचा, बनारसातच जन्मलेला, एका वाक्यात दोन भाषा कालवणारा. समोर बाकांवर तीसेक माणसं, खेड्यापाड्यांच्या शाळांत शिकवणारी, पण शिकवायचं रीतसर शिक्षण न झालेली.

नोव्हेंबरच्या चार शनिवारांचं वेळापत्रक आलं, त्यात लिहिलं होतं, 'प्राथमिक गणित, चार पाठ, डॉ. एन. राय'. नीलकंठरावांनी मनात एक जाड चष्म्याचा, पान खाणारा राय उभा केला आणि त्याच्या चुका काढायला वही-पेन घेऊन पहिल्या बाकावर बसले.

तीन वाजले. पडद्यावर रंगीत पट्टे आले, गेले, आणि त्यांची मुलगी समोर उभी राहिली.

खाली पाटी आली, 'डॉ. निवेदिता राय'. पाटीची गरज नव्हती. केस कानांजवळ पिकले होते, अंगावर सुती साडी होती, आणि बोलायला सुरुवात करण्याआधी खालचा ओठ दाताखाली धरायची लहानपणची खोड तशीच होती. नीलकंठरावांच्या हातातलं पेन खाली पडलं. प्रल्हादने उचलून दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी निवेदिताने लग्न केलं होतं. मुलगा गाझीपूरचा, विद्यापीठात तिच्याबरोबर संशोधन करणारा, चांगला होता, फक्त आपल्यातला नव्हता. तिने घरी येऊन सरळ सांगितलं, लपवाछपवी केली नाही. नीलकंठरावांनीही सरळच उत्तर दिलं. मराठीत एखाद्याशी कायमचं तोडलं की 'त्याच्या नावाने आंघोळ केली' म्हणतात. बाकीचे लोक हे नुसतं म्हणतात. नीलकंठरावांच्या दारापासून पंचगंगा घाट दोनशे पावलांवर, तेव्हा त्यांनी ते करूनच टाकलं. मार्गशीर्षातल्या पहाटे घाट उतरून गेले, ओंजळीत तीळ आणि पाणी घेऊन जिवंत मुलीच्या नावाने सोडलं, तीन बुड्या मारल्या आणि ओल्या धोतराने घरी येऊन बायकोला म्हणाले, "झालं." लीलाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी चुलीत लाकूड सारलं. गल्लीतल्या चार लोकांनी मात्र नीलकंठरावांची पाठ थोपटली. त्यांचं काय जात होतं? पोरगी त्यांची थोडीच होती.

आणि आता ती मेलेली मुलगी सत्तेचाळीस अधिक अडतीस शिकवत होती.

"सात और आठ पंद्रह," ती म्हणाली. "पाँच लिखा, हातचा एक." मग स्वतःशीच हसली आणि म्हणाली, "माफ़ कीजिए, हासिल एक." एककाच्या डोक्यावरून तिने तो एक उचलला, दशकाच्या डोक्यावर ठेवला आणि त्याच्यावर खडूने छोटंसं छप्पर काढलं. "इसको घर बना दीजिए. नहीं तो बच्चा इसे रास्ते में भूल जाता है."

पाच वर्षांच्या निवेदिताला पाटीवर बेरीज शिकवताना हे छप्पर त्यांनीच काढलं होतं. 'हातच्याला घर बांध, नाहीतर तो हरवतो,' असं तेच म्हणाले होते. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्यांच्या डोक्यातून निघालेली गोष्ट चाळीस केंद्रांतल्या पडद्यांवर एकाच वेळी दिसत होती, आणि ती लिहिणाऱ्या हाताला त्यांनी तीळ सोडले होते.

एका बाबतीत मात्र ती त्यांच्यासारखी शिकवत नव्हती. तिने मुलांच्या वह्यांतली चुकीची उत्तरं फळ्यावर मांडली आणि म्हणाली, "ग़लत उत्तर को काटिए मत. पहले पूछिए कि बच्चे ने ऐसा क्यों लिखा. हर ग़लती का कोई कारण होता है." नीलकंठरावांनी सबंध आयुष्यात एकाही मुलाला असं विचारलं नव्हतं. त्यांनी नुसती काट मारली होती.

चार वाजता पडद्यावर पुन्हा पट्टे आले. ते घरी न जाता बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर अंधार पडेपर्यंत बसून राहिले. मुलगी दिसली याचा आनंद झाला होता, इतका की छाती दुखत होती. तो आनंद सांगायला घरात एकच माणूस होतं, आणि तिला सांगायचं तर आधी स्वतःच्या तोंडाने निवेदिताचं नाव घ्यावं लागलं असतं. नऊ वर्षं त्यांनी ते घेतलं नव्हतं आणि लीलाबाईंना घेऊ दिलं नव्हतं. घरी गेल्यावर लीलाबाईंनी विचारलं, "आज इतका वेळ?" ते म्हणाले, "मशीन बिघडलं होतं."

दुसऱ्या शनिवारी ते दोन वाजताच जाऊन बसले. वही आणली नव्हती.

त्या दिवशी निवेदिता वजाबाकी शिकवत होती. मुलं मोठ्या आकड्यातून लहान आकडा डोळे झाकून वजा करतात, मग तो वर असो की खाली, हे सांगताना ती सहज म्हणाली, "मेरा अपना बेटा यही करता है. पिछले महीने सात का हुआ है, नाम आदित्य है, और ज़िद्दी इतना कि पूछिए मत." वर्गात दोन-चार जण हसले. नीलकंठरावांना नातू असल्याची बातमी ही अशी कळली, तीस अनोळखी माणसांच्या बरोबरीने.

गणिताचा माणूस, हिशेब केल्याशिवाय राहवेना. गेल्या महिन्यात सात पूर्ण, म्हणजे जन्म एक्याण्णवच्या ऑक्टोबरातला. आणि निवेदिताचं पत्र आलं होतं त्याच वर्षी मे महिन्यात.

लग्नानंतर तिचं ते एकच पत्र. जाड पाकीट होतं, वर 'श्री. नीलकंठ पाटणकर' असं तिच्या वळणदार अक्षरात. ज्याच्या नावाने आंघोळ केली त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, म्हणून नीलकंठरावांनी ते पोस्टमनकडून घेतलंच नाही. लीलाबाईंनी घेतलं. "उघडायचं नाही," ते म्हणाले. "वर लिही, पाटणकर इथे राहत नाहीत. आणि दे परत." लीलाबाईंनी पाकीट पदराखाली धरलं. मग त्यांनी पोस्टमनचं पेन मागून घेतलं, लिहिलं आणि दिलं. नीलकंठराव, ज्यांना दुसऱ्याच्या लिखाणातली चूक दहा फुटांवरून दिसे, ते तेवढ्यापुरते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मे ते ऑक्टोबर, पाच महिने. पहिलटकरीण मुलगी चौथा महिना सरल्यावर आईवडिलांना काय लिहिणार? बाळंतपणाला येऊ का, हेच. दुसरं काय असणार? सात वर्षं हे उत्तर त्यांच्यासमोर पडलेलं होतं आणि ते काढायला त्यांना साधी वजाबाकी पुरली. त्यांना वर्गातून उठून बाहेर जावंसं वाटलं, पण बाहेर गेलं तर ती दिसणार नव्हती. म्हणून ते बसून राहिले आणि रुमाल नाकाला लावून, सर्दी झाल्यासारखे, रडले.

त्या आठवड्यात त्यांनी ठरवलं की बोलायचं. पण बाप म्हणून बोलायचा धीर होईना. नुसता आवाज कानावर घालावा, ती काय म्हणते ते बघावं, मग पुढचं पुढे. माणूस चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षा घेतो आणि स्वतःची वेळ आली की असा चोरवाटा शोधतो.

तिसऱ्या शनिवारी प्रश्नांची वेळ सुरू झाली. प्रल्हाद फोन फिरवत बसला होता. चौथ्या प्रयत्नाला लागला, तसा तो ओरडला, "काका, लग गया! कुणाला विचारायचंय?" नीलकंठरावांनी रिसीव्हर त्याच्या हातातून घेतला. पलीकडून कुणी बाई म्हणाली, "नाम और केंद्र बताइए."

"प्रल्हाद शेवडे," नीलकंठराव म्हणाले. "वाराणसी केंद्र."

प्रल्हाद तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"मैडम, आपने पहले दिन एक शब्द कहा था, हातचा. यह आपने कहाँ सीखा?" एवढं बोलून त्यांनी नियमाप्रमाणे फोन ठेवला. नऊ वर्षांनी मुलीशी बोललेले पहिले शब्द 'मैडम' आणि 'आप' होते. ज्या पोरीला कधी 'तू'खेरीज हाक मारली नव्हती, तिला.

पडद्यावर निवेदिताने मान किंचित कलती केली. फोनच्या खरखरीत तिला आवाज ओळखू आला नव्हता, हे दिसत होतं. बनारसचं नाव ऐकून मात्र तिचा चेहरा मऊ झाला.

"शेवडे जी, आप तो समझ ही गए होंगे," ती म्हणाली. "मराठी का शब्द है, हासिल को कहते हैं. मेरे पिताजी बनारस में ही गणित पढ़ाते थे, यह घर बनाना भी उन्हीं का सिखाया हुआ है. बहुत कड़े थे, पर उनका सिखाया आज तक भूली नहीं." ती थांबली. ओठ दाताखाली गेला. "वे नहीं रहे. सात साल हो गए. आपने याद दिलाया, अच्छा लगा." मग खाली कागदाकडे बघून म्हणाली, "अगला प्रश्न."

बाकांवरच्या दोन-तीन मास्तरांनी हळहळून 'च्च' केलं. प्रल्हाद नीलकंठरावांकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, दूधविनायकात कुणाला ठाऊक नव्हतं? तो हळूच म्हणाला, "काका, मतलब... ती तुम्हाला..."

नीलकंठरावांना क्षणभर वाटलं, सूड घेतला पोरीने. आपण तिला मारलं, तिने आपल्याला. फिट्टंफाट झाली. पण तिचा चेहरा सूड घेणाऱ्याचा नव्हता. ती खरोखरच मेलेल्या बापाबद्दल बोलत होती, आणि त्याच्याबद्दल तिच्या मनात मायाही होती. सात साल. एक्याण्णव. मग त्यांना उमगलं.

लीलाबाई वाईच्या. लग्न होऊन बनारसला आल्या त्याला अडतीस वर्षं झाली होती, पण हिंदी त्यांनी भाजीच्या टोपलीपुरती शिकून घेतली आणि तिथेच थांबवली. मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याला हिंदी टोपी घालायची, ही त्यांची पद्धत. दोन वर्षांपूर्वी गॅसवाला दारात आला, साहेब आहेत का म्हणाला, तर त्यांनी आतून उत्तर दिलं, "साहब नहीं रहे!" म्हणायचं होतं, घरात नाहीत; हिंदीत झालं, साहेब वारले. तो बिचारा सिलिंडर खाली ठेवून हात जोडून उभा राहिला. नीलकंठराव बाजारातून परतले तेव्हा त्याने त्यांना बघून किंकाळीच फोडली होती. ती गोष्ट ते महिनाभर लोकांना रंगवून सांगत होते.

'लिही, पाटणकर इथे राहत नाहीत.' म्हणजे पोस्टात वाचता यावं म्हणून लीलाबाईंनी हिंदीत लिहिलं असणार, 'पाटणकर जी नहीं रहे.' आणि तिकडे दिल्लीला, पोट पुढे आलेल्या निवेदिताच्या हातात आपलंच पाकीट न उघडता परत आलं असणार, वर आईच्या अक्षरात बाप गेल्याची बातमी. तिने काय समजायचं? बाप गेला, आणि विधवा आईलाही आपलं तोंड बघायचं नाही.

रात्री ते लीलाबाईंना हे सांगायला दोनदा गेले आणि दोनदा पाणी पिऊन परत आले. तिची चूक तिला सांगणं ही त्यांच्यासाठी आजवर कधी अवघड गोष्ट नव्हती. आमटीत मीठ कमी पडल्यापासून ते पत्त्याच्या पिन कोडपर्यंत सगळं त्यांनी सांगितलं होतं. ही एक सांगवेना. ही सांगितली असती तर ती बाई त्याच रात्री मेली असती.

पण एवढं तरी नक्की झालं होतं की आता शेवटचा शनिवार उरला, आणि त्या शनिवारी स्वतःच्या नावाने फोन करायचा. आपण जिवंत आहोत हे तिला कळलं पाहिजे. पत्र लिहून कळवता आलं असतं, स्टुडिओचा पत्ता होता. पण मेलेल्या माणसाचं पत्र कुणी खरं मानेल? आवाज खरा. शिवाय त्यांना मनातून खात्री होती की ती अक्षरांची चूक आहे, भाषेची चूक आहे, ती दुरुस्त केली की झालं. चूक सापडली की उत्तर बदलतं, हा त्यांचा धंदाच होता.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी लीलाबाईंना सांगितलं. निवेदिता टीव्हीवर येते, आमच्या केंद्रात दिसते, तिला मुलगा आहे, आदित्य नावाचा. लीलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"कधीपासून येते?" त्यांनी विचारलं.

"तीन शनिवार झाले."

"तीन शनिवार तुम्ही एकट्याने बघितलंत?"

लीलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. मग पदराआडूनच विचारलं, "रंगीत आहे का हो टीव्ही?"

"रंगीत आहे."

"मग दिसेल नीट," त्या म्हणाल्या.

गुडघ्यांमुळे लीलाबाई हल्ली गल्लीबाहेर पडत नसत. शनिवारी त्या प्रल्हादच्या खांद्याला धरून चौकापर्यंत चालत आल्या आणि तिथून रिक्षाने केंद्रात. नऊवारीची घडी मोडली होती. मुलगी आपल्याला बघणार नाही, हे नीलकंठरावांनी त्यांना चारदा समजावून सांगितलं होतं, तरी टीव्ही लागायच्या आधी त्यांनी कपाळावरचं कुंकू नीट केलं.

निवेदिता पडद्यावर आली आणि लीलाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. अपूर्णांक चालले होते. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. मध्येच एकदा त्या पुटपुटल्या, "वाळली आहे गं बाई." पुढच्या बाकावरच्या मास्तराने मागे वळून बघितलं, मग बघायचं नाही असं त्याच्या लक्षात आलं.

प्रश्नांची वेळ सुरू झाली. प्रल्हाद फोन फिरवू लागला. एंगेज. पुन्हा एंगेज. रायपूरचा प्रश्न झाला, मग गुवाहाटीचा. निवेदिता शांतपणे उत्तरं देत होती. दहा मिनिटं गेली. नीलकंठराव प्रल्हादच्या पाठीशी उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होते की वाक्य पाठ करत होते, कोण जाणे. शेवटची तीन मिनिटं उरली असताना प्रल्हादने रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"नाम और केंद्र बताइए. संक्षेप में, समय कम है."

"नीलकंठ पाटणकर. वाराणसी केंद्र."

पडद्यावर निवेदिता कागद चाळत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला.

पाठ केलेलं हिंदी वाक्य नीलकंठरावांच्या डोक्यातून साफ उडालं. ते मराठीतच बोलले, भरभर, अडखळत, "निवेदिता, मी बाबा बोलतोय. मी आहे गं. मी आहे अजून. ते पाकिटावर आईने चुकीचं लिहिलं. तिला हिंदी येत नाही, तुला माहीत आहे. इथे राहत नाहीत असं मी लिहायला सांगितलं होतं. तेवढीच चूक झाली, बाळा. बाकी मी..."

"फ़ोन रखिए, उत्तर आ रहा है," दिल्लीची बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

वर्गातल्या मास्तरांना त्या मराठीतलं काही कळलं नव्हतं. पडद्यावर निवेदिता कॅमेऱ्याकडे बघत होती, म्हणजे इथल्या प्रत्येकाकडे, आणि तिला कुणी दिसत नव्हतं. तिचा चेहरा आधी आनंदाने फुटला. नीलकंठरावांनी ते स्वच्छ पाहिलं, एक क्षण, बाप जिवंत असल्याचा निखळ आनंद. मग तिने त्यांचं वाक्य मनात पुन्हा ऐकलं असावं. मी लिहायला सांगितलं होतं. आनंद तिच्या चेहऱ्यावरून उतरत गेला, डोळ्यांतून, गालांवरून, आणि मागे काही उरलं नाही. सात वर्षं तिने एका मेलेल्या माणसाला माफ केलं होतं. तो माणूस त्या दिवशी दाराशीच उभा होता.

तिने ओठ दाताखाली धरला, सोडला आणि मराठीत म्हणाली, "आईने बरोबर लिहिलं होतं."

मग कागदाकडे बघून ती हिंदीत म्हणाली, "अगला प्रश्न, जबलपुर."

जबलपूरच्या माणसाने दशांश चिन्हाबद्दल विचारलं. निवेदिताने उत्तर दिलं, सगळ्यांचे आभार मानले, हात जोडले. चार वाजले आणि रंगीत पट्टे आले. प्रल्हादने टीव्ही बंद करून कपाटाला कुलूप घातलं. मास्तर लोक एकेक करून उठले आणि जाताना नीलकंठरावांना नमस्कार करायचा की नाही या विचारात तसेच निघून गेले.

नीलकंठराव फोनपाशीच उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी इतकं अचूक तपासलं होतं. रागावली असती, ओरडली असती, तर त्यांनी पायांवर डोकं ठेवलं असतं. तिने चूक शोधून, तिचं कारण समजून घेऊन, मग उत्तर दिलं होतं. त्यांना ढसाढसा रडायचं होतं, पण लीलाबाई त्यांच्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा कित्येक वर्षांत नव्हता असा उजळला होता.

"ऐकलंत?" लीलाबाई म्हणाल्या. "मराठीत बोलली. तुम्ही तिथेही माझीच चूक काढायला गेलात, पण तिने बरोबर ओळखलं. आईने बरोबर लिहिलं होतं म्हणाली. सगळ्यांसमोर!"

"हो," नीलकंठराव म्हणाले.

"रागावली नाही माझ्यावर. मला इतके दिवस वाटायचं, पाकीट परत केलं म्हणून पोर मला शिव्या देत असेल." त्यांनी डोळे पुसले, हसल्या, पुन्हा पुसले. "मी आजच पत्र लिहिते तिला. प्रल्हाद, इथला पत्ता दे रे मला, दिल्लीचा. हिंदीत लिहू का हो? पोरगाही वाचेल."

"मराठीत लिही," नीलकंठराव म्हणाले. "तुझ्या मराठीत लिही. काय हवं ते लिही."

"लिहिते. गुडघ्याचं लिहिते, आदित्यला घेऊन ये म्हणून लिहिते." त्या प्रल्हादच्या खांद्याला धरून उठल्या. दारापाशी थांबून त्यांनी मागे बघितलं. "आणि तुमच्याबद्दल काय लिहू?"

नीलकंठरावांनी रिसीव्हर अजून हातात धरला होता. तो त्यांनी नीट जागेवर ठेवला.

"मागे लिहिलं होतंस ना," ते म्हणाले, "तेच राहू दे."